चिकित्सेचाही भार असतो : हवामानबदलावरील उपाय आणि त्यांचे कर्ब-उत्सर्जन

प्रस्तावना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. पांचाल देशाची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ, सरता ग्रीष्म आणि शिष्यांसमवेत वनात विहार करणारे भगवान पुनर्वसु आत्रेय, अशी त्या अध्यायाची पार्श्वभूमी आहे. ऋतूंची विपरीत लक्षणे पाहून आत्रेय अग्निवेशास सांगतात की, लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल. तत्पूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. पुढे वायू, उदक, देश व काल या चार सर्वसामान्य भावांच्या वैगुण्याने प्रकृती, आहार, बल, वय यांनी भिन्न असलेली माणसेही एकाच वेळी कशी व्याधिग्रस्त होतात, याचे विवेचन येते.

एवढ्यावरून चरकाचार्यांना आजचा हवामानबदल ठाऊक होता असे म्हणणे ओढूनताणून होईल, आणि शास्त्राच्या गौरवासाठी तसे म्हणण्याची गरजही नाही. परंतु विचाराची एक दिशा त्या ग्रंथातून निश्चित मिळते. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात शुद्ध चिकित्सेची कसोटी सांगितली आहे : जो प्रयोग एका व्याधीचे शमन करताना दुसरा व्याधी उत्पन्न करतो तो शुद्ध नव्हे, जो शमन करतो आणि नवा विकार उभा करीत नाही तोच शुद्ध. प्रस्तुत लेखात हीच कसोटी हवामानबदलावरील उपायांना लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. क्षेत्र म्हणून पिंपरी-चिंचवड महानगरातील पिंपळे सौदागर हे उपनगर घेतले आहे.

परिभाषा

एखादी वस्तू निर्माण करताना, वापरताना व टाकून देताना जे उष्णतावर्धक वायू वातावरणात जातात, त्यांची एकत्रित बेरीज म्हणजे त्या वस्तूचा कार्बन फूटप्रिंट. या लेखात त्यास 'कर्बभार' असे म्हटले आहे. निरनिराळ्या वायूंची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती निरनिराळी असल्याने सर्वांचे माप कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सांगण्याची पद्धत आहे. उदाहरणार्थ, घरगुती एसीमध्ये हल्ली सर्रास वापरला जाणारा आर-३२ हा वायू १०० वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट, आर-४१०ए सुमारे २,०८८ पट आणि जुन्या यंत्रांतील आर-२२ सुमारे १,८१० पट तापवर्धक आहे. आपल्या देशात विजेचे एक युनिट तयार होताना सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण निर्मितीत कोळशाचा वाटा मोठा आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जाळल्यास सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. पुढील सर्व गणिते या आकड्यांवर बेतलेली असून ती ठोकळमानाची आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

हवामानबदलास दिलेला प्रतिसाद दोन प्रकारचा असतो. उत्सर्जन कमी करणे हा पहिला प्रकार. तो निदानपरिवर्जनासारखा आहे. आलेल्या उष्म्याशी, पुराशी, पाणीटंचाईशी जुळवून घेणे हा दुसरा. तो लक्षणांच्या शमनासारखा आहे. दोहोंनाही यंत्रे, सिमेंट, इंधन व वीज लागते. म्हणजेच दोहोंनाही स्वतःचा कर्बभार आहे. जुळवून घेण्याच्या काही उपायांनीच मूळ संकट वाढते, ही गोष्ट हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २०२२ च्या अहवालातही विस्ताराने मांडलेली आहे.

देशपरीक्षण

पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे गाव. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे मोटार व यंत्रउद्योग आले, आणि अलीकडच्या काळात हिंजवडीच्या संगणकक्षेत्राची भर पडली. या सर्वांच्या सान्निध्याने शेते जाऊन तेथे उंच गृहसंकुले आली. २०१७ साली पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यावर क्षेत्रविकासासाठी पिंपळे गुरव व पिंपळे सौदागर हीच उपनगरे निवडली गेली. देशविचाराने पाहता मूळ भूमी साधारण; परंतु काँक्रीट, डांबर व फरशी यांच्या आच्छादनामुळे दिवसा घेतलेली उष्णता ती रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. जुन्या वाड्याच्या अंगणात वैशाखातही पहाटे गारवा मिळे. येथे सातव्या मजल्यावरील शयनगृहात तो मिळत नाही. अशा घरातील वृद्ध रुग्णास 'रात्री मोकळ्या हवेत निजावे' असे सांगणे सोपे आहे. परंतु ती मोकळी हवा आणायची कोठून, हा प्रश्न त्याच्यापुढे उरतोच.

उदाहरण पहिले : शीतोपचार

उष्म्यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे एसी. दीड टनाचे चांगल्या प्रतीचे यंत्र तासाला सरासरी एक युनिट वीज घेते असे धरले, तर आठ तासांच्या एका रात्रीस ८ युनिटे, म्हणजे सुमारे ५.६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. उन्हाळ्याच्या ६० रात्रींचा हिशेब सुमारे ३३५ किलोपर्यंत जातो. शंभर सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकी एकच यंत्र असे मानले, तरी एका उन्हाळ्यात साडेतेहतीस टन. एक वाढलेले झाड वर्षाकाठी साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषून घेते असे धरल्यास, एवढ्या भाराच्या निरसनासाठी दीड हजारांहून अधिक झाडे हवीत. तेवढी भूमी त्या इमारतीस कोठून मिळणार?

विजेचा हिशेब निदान देयकावर दिसतो. वायूचा दिसत नाही. यंत्रात सुमारे ९०० ग्रॅम आर-३२ असल्यास आणि तो सर्व गळून गेल्यास सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार वातावरणावर पडतो, म्हणजे शंभराहून अधिक रात्रींच्या विजेइतका. 'गॅस संपला होता, भरून दिला' असे तंत्रज्ञ सांगतो तेव्हा आधीचा गॅस संपलेला नसतो. तो आकाशात गेलेला असतो. किगाली येथे २०१६ साली झालेल्या करारानुसार हे वायू टप्प्याटप्प्याने घटवायचे असून भारताने २०२१ साली त्यास मान्यता दिली आहे. आपल्या देशात प्रत्यक्ष घट २०३२ पासून सुरू व्हावयाची आहे. तोवर गळती थांबवणे आपल्याच हाती आहे.

याहून मर्माची बाब अशी की, एसी उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि विजेमुळे निर्माण झालेली स्वतःची उष्णता तीत मिसळतो. इमारतीच्या मागील बाजूस ओळीने टांगलेल्या यंत्रांचा उष्ण झोत खाली ज्याच्यावर येतो, तो पत्र्याच्या चौकीतील पहारेकरी किंवा शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या शेडमधील कुटुंब असते. वरच्यांचे शमन ते खालच्यांचे निदान, अशी ही स्थिती आहे. चरकांची शुद्ध-अशुद्ध चिकित्सेची कसोटी येथे लागू पडते.

तथापि यावरून 'एसी हे पाप' असा निष्कर्ष काढणे वैद्याला शोभणारे नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेला, भ्रम वा मूर्च्छा असलेला उष्माघाताचा रुग्ण हा आत्ययिक रुग्ण होय. त्यास तत्काळ थंड करणे व रुग्णालयात पोहोचविणे हेच कर्तव्य. तेथे कर्बभार मोजीत बसणे हा अपराध ठरेल. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने झालेले मृत्यू आपण विसरलेलो नाही. अतिवृद्ध, हृद्रोगी, वृक्करोगी, गर्भिणी व अर्भक यांच्यासाठी शीतगृह हे औषधच आहे. प्रश्न मात्रेचा आहे. स्टार-चिन्हांकित एसी १ जानेवारी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावून विकले जातात; १८ अंशांवर यंत्र ठेवून दुलई पांघरणे ही चिकित्सा नव्हे, तो विहारातील अतियोग आहे.

उदाहरण दुसरे : उदक

पिंपरी-चिंचवडला पाणी मुख्यत्वे पवना धरणातून मिळते. नदीपात्रातून ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते व तेथून पंपांनी निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात चढविले जाते. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत सुरू झाली. यास केवळ पर्जन्याची अनियमितता नव्हे, वाढलेली वस्तीही कारण आहे. परंतु संकुलांनी शोधलेला उपाय बहुधा एकच : टँकर.

दहा हजार लिटरच्या टँकरने जाऊन-येऊन २० किलोमीटर अंतर कापले व लिटरमागे ४ किलोमीटर धाव दिली, तर ५ लिटर डिझेल, म्हणजे साडेतेरा किलो कार्बन डायऑक्साइड. एसीच्या मानाने हा भार अल्प वाटेल, आणि तो अल्प आहेही. एका यंत्राच्या एका उन्हाळ्यात असे २५ टँकर बसतात. परंतु हाच अर्थ साधणारा याहून लघु उपाय छतावर आहे. पुण्याच्या परिसरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस मीटरच्या छतावरील त्यातील ८० टक्के जरी भूमीत मुरविला वा साठविला, तरी २ लाख ८० हजार लिटर पाणी, म्हणजे २८ टँकर. त्यासाठी लागणारे नळ व गाळणखड्डा एकदाच करावयाचा असतो.

उदाहरण तिसरे : सिमेंट

जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत पुण्याप्रमाणेच पिंपरी-चिंचवडच्या नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पुरावर लोकांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे भिंत. रसशास्त्राच्या अभ्यासकास सिमेंटचा कर्बभार समजावून सांगणे सोपे आहे. शंखभस्म करताना शंखास तीव्र पुट मिळाले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोमधून ४४ किलो वायू बाहेर पडतो. सिमेंटच्या भट्टीत हीच क्रिया प्रचंड प्रमाणावर घडते, शिवाय भट्टीचे इंधन वेगळे. एक टन सिमेंटमागे ठोकळमानाने ६०० किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो.

ज्या वस्तीला खरोखर दुसरे संरक्षण नाही तेथे भिंत बांधावी लागेल. परंतु नदीचा काठ, त्यावरील उंबर, करंज, वाळुंज आणि पूर पसरण्याची मोकळी जागा हेही पुरावरील औषधच आहे, आणि ते आधीपासून तयार आहे. शेजारच्या पिंपळे निलख येथे मुळाकाठच्या नदीसुधार कामांत झाडांच्या रक्षणाविषयी नागरिकांनी २०२५ मध्ये आक्षेप घेतले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता : औषध आणण्याच्या घाईत घरातले औषध फेकले जात नाही ना?

उदाहरण चौथे : ऋण काढून केलेली चिकित्सा

काही उपायांचा आरंभीचा भार मोठा असतो, परंतु तो पुढे फिटतो. शोधनानंतर रुग्णाचा अग्नी मंद होतो व बल घटते. म्हणून आपण वमन-विरेचन सोडून देत नाही, संसर्जनक्रमाने बल परत येते हे जाणतो. सौरपटलाचे तसेच आहे. एक किलोवॉट क्षमतेच्या पटलाच्या निर्मितीस ठोकळमानाने दीड टनाच्या आसपास भार येतो. आपल्याकडील उन्हात ते वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देते व कोळशाची तेवढी वीज वाचवून वर्षाला एक टन उत्सर्जन टाळते. दीड वर्षात ऋण फिटते. आयुष्य मात्र २५ वर्षांचे. वर उल्लेखिलेल्या शंभर सदनिकांच्या एसीचा साडेतेहतीस टनांचा भार सुमारे ३४ किलोवॉटच्या पटलांनी वर्षभरात भरून निघू शकतो.

विजेवरील दुचाकीचा हिशेब आपल्या परिसराशी अधिकच निगडित आहे. बजाजच्या विद्युत चेतकचा स्वतंत्र कारखाना आकुर्डीस २०२२ साली सुरू झाला. तीन युनिटे क्षमतेची बॅटरी बनविण्यास सुमारे २४० किलोचा भार धरू. लिटरमागे ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोल-स्कूटर १०० किलोमीटरला सुमारे ५.१ किलो, तर विद्युत-स्कूटर आजच्या विजेवर सुमारे २.३ किलो उत्सर्जन करते. शंभर किलोमीटरला २.८ किलोची बचत. म्हणजे साडेआठ हजार किलोमीटर धावल्यावर ऋण फिटले. रोज २० किलोमीटर जाणाऱ्यास चौदा महिने पुरतात. परंतु जुनी चालती गाडी असताना हौसेने आणलेली व वाहनतळावर उभी राहिलेली विद्युत-स्कूटर हे ऋण कधीच फेडीत नाही. औषध उत्तम, पण सेवन केले तरच.

लघु उपायांचे सामर्थ्य

भाराने लघु असलेला उपाय गुणानेही लघु असतो असे नाही. अहमदाबाद येथे मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्मा-कृती आराखडा राबविला. आगाऊ सूचना, पाणपोया, रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, वस्त्यांतील प्रबोधन हे त्यातील उपाय. पुढे छतांना पांढरा लेप देण्याची जोड मिळाली. आराखड्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. या उपायांत जड यंत्रसामग्री नाही.

आपल्या ऋतुचर्येत असे उपाय विपुल आहेत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात ग्रीष्मासाठी उंच वृक्षांची सावली, जलसिंचित गृह, ओले पडदे, पानक, दिवास्वाप यांचे वर्णन आहे. वाळ्याच्या पडद्याचे सामर्थ्य भौतिकशास्त्रानेही सिद्ध होते : १० लिटर पाणी बाष्प होताना जेवढी उष्णता घेते तेवढी दूर करण्यास एसीला सुमारे सव्वादोन युनिटे वीज लागेल. मात्र येथेही देश-काल पाहावा. चैत्र-वैशाखातील पुण्याच्या कोरड्या हवेत हा उपाय फलदायी. कोकणच्या आनूप हवेत किंवा ज्येष्ठातील दमट दिवसांत तो निरुपयोगी, किंबहुना क्लेदकारक. छतास चुन्याची सफेदी देणे हाही असाच उपाय. चुना भट्टीत जो वायू सोडतो, तो सुकताना बराचसा परत घेतो, हे विशेष.

वैद्यांचे स्वतःचे घर

आरोग्यसेवा ही हवामानबदलाच्या रुग्णांची शुश्रूषा करणारी; परंतु जगाच्या उत्सर्जनात तिचा स्वतःचा वाटा सुमारे ४.४ टक्के असल्याचे २०१९ च्या एका जागतिक अहवालात मांडले आहे. भूल देण्याच्या डेस्फ्लुरेन या वायूची तापवर्धकता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,५०० पट असल्याने स्कॉटलंडच्या रुग्णालयांनी २०२३ मध्ये त्याचा वापर थांबविला. पर्यायी भूल उपलब्ध होती, म्हणून रुग्णाचे काही अडले नाही.

आपली औषधे वनस्पतिज आहेत म्हणून आपण निर्दोष, असे मात्र समजू नये. एक लिटर पाण्याचा चतुर्थांश क्वाथ करण्यास ७० ते ७५ ग्रॅम घरगुती गॅस, म्हणजे सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. हिमकल्पनेस इंधन लागतच नाही, फांटास अल्प लागते; तथापि कल्पनेची निवड रोग व रोगी यांचे बल पाहूनच करावी, कर्बभार पाहून नव्हे. कारण खरा भार क्वाथाचा नाहीच. पंचकर्मासाठी १० किलोमीटरवरून स्वतःच्या मोटारीने रोज येणारा रुग्ण एका खेपेत सुमारे ३ किलो, म्हणजे पंधरा क्वाथांइतके उत्सर्जन करतो. चिकित्सालयातील एसी आठ तासांत पंचवीसहून अधिक क्वाथांचा भार टाकतो. शेजारच्या उपनगरातील सहकारी वैद्याकडे रुग्ण पाठविणे, अनुवर्तनाची विचारपूस दूरध्वनीवर करणे, हे आपल्या व्यवसायातील मोठे उपाय होत. त्यांत थोडा स्वार्थत्याग आहे, एवढेच.

उपसंहार

वरील विवेचनावरून कोणत्याही उपायास लावण्याजोगे चार प्रश्न निघतात.

१. या उपायाने मूळ हेतू घटतो, की केवळ लक्षण झाकले जाते?
२. त्याचा आरंभीचा भार किती काळात फिटतो, आणि तोवर तो प्रत्यक्ष वापरला जाईल काय?
३. त्याचा त्रास दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलला जात नाही ना?
४. हेच कार्य साधणारा याहून लघु उपाय उपलब्ध आहे काय?

'उपायांनीही प्रदूषण होते, मग काहीच करू नये' असे म्हणणारे लोक भेटतात. औषधाने उष्ण पडते म्हणून ज्वर तसाच वाढू देणारा रुग्ण आणि हे लोक यांत फरक नाही. उलट, 'हरित' असे नाव दिले की सर्व काही पथ्यकर, असे मानणारेही तितकेच चुकतात. वैद्याने मात्रा, काल, देश व सात्म्य पाहून निर्णय करावा, आणि बलवान उपाय दुर्बलांसाठी राखून ठेवावा. सातव्या मजल्यावरील वृद्धास त्याचे शीतगृह अवश्य मिळावे. परंतु त्याच इमारतीच्या दारातील पहारेकऱ्याच्या चौकीवर सावली आणि जवळ पाण्याचा माठ आहे की नाही, हेही आपणच विचारावे. जनपद म्हणजे दोघेही.

स्वाध्याय

वाचकांनी आपल्या चिकित्सालयाच्या गेल्या बारा महिन्यांच्या वीजदेयकांतील युनिटांची बेरीज करून तीस ०.७ ने गुणावे. एसीत गॅस किती वेळा भरला याची नोंद काढावी. एका आठवड्यात आलेले रुग्ण किती अंतरावरून व कोणत्या वाहनाने आले, हे रुग्णपत्रिकेत लिहावे. या तीन आकड्यांपैकी जो सर्वांत मोठा भरेल, चिकित्सेस तेथून आरंभ करावा.